बेल्जियमच्या राजाची सही

राज्यशास्त्र शिकवत होतो तेव्हा वर्गात दरवर्षी एक प्रश्न हमखास यायचा. 'सर, राजा राज्य करत नाही, सगळं पंतप्रधानच बघतात, तर मग तो राजा ठेवायचाच कशाला?' विचारणाऱ्याच्या मनात अर्थात इंग्लंड असायचं. पण इंग्लंडचं उदाहरण समजावून सांगायला अवघड. तिथल्या निम्म्या गोष्टी कुठं लिहिलेल्याच नाहीत, रूढीनं चालतात. म्हणून मी बेल्जियमचं उदाहरण घ्यायचो. आजही तेच घेतो.

बेल्जियम हा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. १८३० साली तिथल्या लोकांनी डच राजाविरुद्ध उठाव केला, आणि फेब्रुवारी १८३१ मध्ये स्वतःची राज्यघटना तयार केली. या घटनेप्रमाणे वागायला तयार असलेला राजा त्यांना मिळाला तो जर्मनीतल्या साक्स-कोबुर्ग घराण्यातला, लिओपोल्ड. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे हे मामा. २१ जुलै १८३१ रोजी त्यांनी शपथ घेतली, आणि तोच दिवस आजही त्या देशाचा राष्ट्रीय दिन आहे.

तिथं राज्याभिषेक नसतो. डोक्यावर ठेवायला मुकुटही नाही! जुना राजा गेला की त्याचा मुलगा आपोआप राजा होत नाही. संसदेपुढं घटना पाळण्याची शपथ घेतली म्हणजे होतो. मधल्या दिवसांत राजाचे अधिकार मंत्रिमंडळाकडे असतात, आणि ते वापरले जातात बेल्जियन जनतेच्या नावानं.

आता मुख्य कलम. राजाला कोणी जाब विचारू शकत नाही, जबाबदार असतात ते मंत्री. त्यामुळे राजाच्या कोणत्याही आदेशावर एका मंत्र्याची सही लागते, तिच्यावाचून तो आदेश म्हणजे नुसता कागद. आणि ज्या मंत्र्यानं सही केली त्यानं संसदेला उत्तर द्यायचं. कायदा, नेमणूक, माफी, सगळं राजाच्या नावानं निघतं, पण प्रत्येक कागदावर ही दुसरी सही असते. आपल्या राष्ट्रपतींना निदान विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतं. तिथल्या राजाला नकार द्यायचा झाला, तर त्या नकाराचीही जबाबदारी घेणारा मंत्री हवा. तो कुठून मिळणार?

ही दुसरी सही नसली तर काय होतं, हे बघायला त्याच घराण्याचा इतिहास पुरतो. दुसरे लिओपोल्ड १८६५ मध्ये गादीवर आले. बेल्जियममध्ये त्यांना संसद होती, मंत्री होते, वर्तमानपत्रं होती. पण १८८५ मध्ये ते आफ्रिकेतल्या काँगोचेही राजे झाले, आणि ते व्यक्तिशः. बेल्जियमच्या संसदेनं एवढंच म्हटलं की, ठीक आहे, हा तुमचा खासगी मामला. बेल्जियमच्या सत्तर-पंचाहत्तर पट मोठा तो मुलूख, त्यावर एकाच माणसाची सही. रबरासाठी गावंच्या गावं वेठीला धरली गेली. गोळी वाया गेली नाही हे दाखवायला शिपाई माणसांचे तोडलेले हात आणत. लिओपोल्ड स्वतः काँगोला एकदाही गेले नाहीत. जगभर बोभाटा झाल्यावर १९०८ मध्ये बेल्जियमनं तो प्रदेश त्यांच्याकडून काढून घेतला. माणूस एकच होता हो. ब्रुसेल्समध्ये तो घटनात्मक राजा होता आणि काँगोत त्याला कोणी विचारणारं नव्हतं. विद्यार्थ्यांना मी हे सांगितलं की वर्गात जरा वेळ शांतता पसरायची.

दुसरा प्रसंग १९४० चा. जर्मन सैन्य घुसल्यावर मंत्र्यांनी तिसऱ्या लिओपोल्डना विनवलं, आमच्याबरोबर देशाबाहेर चला. त्यांनी ऐकलं नाही. २८ मे रोजी सैन्यासह शरणागती पत्करून ते मागेच राहिले. तेव्हा मंत्र्यांनी घटनेतलं एक जुनं कलम काढलं. राजा राज्य करण्यास असमर्थ झाला तर त्याचे अधिकार मंत्र्यांकडे येतात, असं ते कलम. युद्ध संपल्यावर प्रश्न उरलाच. १९५० मध्ये मतदान घेतलं, सुमारे ५८ टक्के लोकांनी 'राजा परत यावा' म्हटलं. पण डच बोलणाऱ्या फ्लँडर्समध्ये हा आकडा ७२ टक्के, तर फ्रेंच बोलणाऱ्या वॉलोनियात ४२! राजे परतले, संप पेटले, गोळीबारात माणसं दगावली, आणि लिओपोल्डनी गादी मुलाला दिली.

हा मुलगा म्हणजे बोदुआं. १९९० मध्ये तेच कलम त्यांच्यासाठी पुन्हा काढावं लागलं, पण किती वेगळ्या कारणानं! संसदेनं गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदा संमत केला. बोदुआं अतिशय श्रद्धाळू कॅथलिक. त्यात त्यांना आणि राणी फाबिओला यांना मूलबाळ नव्हतं. पंतप्रधान विल्फ्रीड मार्टेन्सना त्यांनी लिहिलं की माझी सदसद्विवेकबुद्धी मला सही करू देत नाही. देशात सगळ्यांना ते स्वातंत्र्य आहे, ते एकट्या राजालाच नसावं का? पण याच पत्रात त्यांनी हेही लिहिलं की माझ्यामुळे संसदेचा निर्णय अडू नये, काही मार्ग काढा. मार्टेन्सच्या स्वतःच्या पक्षाचाही या कायद्याला विरोध होता. तरी त्यांनी मार्ग काढला. मंत्रिमंडळानं राजा 'असमर्थ' असल्याचं जाहीर केलं, राजाच्या जागी सगळ्या मंत्र्यांनी सह्या केल्या, आणि ५ एप्रिल रोजी संसदेनं बोदुआंना पुन्हा राजपदावर आणलं. ही पळवाटच होती, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं, आणि मलाही ते पटतं. आजारपणासारख्या प्रसंगासाठी असलेलं कलम मनाच्या अडचणीसाठी वापरलं गेलं. पण कायदा झाला.

मग राजा करतो काय? निवडणुकीनंतर त्याला खरं काम असतं. तिथं पक्ष भाषेप्रमाणेही विभागलेले, कुणालाच बहुमत नाही. राजा एकेका नेत्याला बोलावतो, कुणाला चाचपणी करायला सांगतो, मग कुणावर सरकार जुळवण्याची कामगिरी सोपवतो. त्या खोलीतलं बोलणं बाहेर सांगायचं नाही असा कडक दंडक आहे. २०१० च्या निवडणुकीनंतर यात ५४१ दिवस गेले! आणि ३ फेब्रुवारी २०२५ रोजी बार्ट द वेव्हर यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. त्यांचा फ्लेमिश पक्ष फ्लँडर्सचं स्वतंत्र प्रजासत्ताक हे ध्येय मानणारा, आणि शपथ घेतली ती राजे फिलिप यांच्यापुढं.

याच फिलिपनी ३० जून २०२० रोजी, काँगोच्या स्वातंत्र्याला ६० वर्षं झाली तेव्हा, काँगोच्या अध्यक्षांना पत्र लिहून जुन्या जखमांबद्दल खेद व्यक्त केला. २०२२ मध्ये किन्शासाला जाऊन तो बोलूनही दाखवला. माफी मात्र मागितली नाही. देशाच्या वतीनं माफी मागायची तर तिथंही दुसरी सही लागते. त्या वर्षीच्या डिसेंबरात संसदेच्या समितीपुढं माफीचा प्रश्न आला, पक्षांचं एकमत झालं नाही, आणि समितीचं काम तिथंच संपलं.