मोरोक्कोतील इस्लाम आणि धार्मिक सहिष्णुता

उत्तर आफ्रिकेतील मोरोक्को या देशाची जवळजवळ सर्व लोकसंख्या सुन्नी मुस्लिम असून तेथे मालिकी विधिपरंपरा प्रचलित आहे. २०११ साली सार्वमताने स्वीकृत झालेल्या संविधानाच्या कलम ३ नुसार इस्लाम हा राज्याचा धर्म आहे. त्याच कलमात सर्वांना आपापल्या धर्माचरणाची हमीही दिलेली आहे. कलम ४१ नुसार राजा हा ‘अमीर अल-मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा प्रमुख, असून अधिकृत फतवे काढण्याचा अधिकार त्याच्या अध्यक्षतेखालील उलेमा परिषदेकडेच आहे. मे २००३ मध्ये कासाब्लांका येथे झालेल्या आत्मघातकी हल्ल्यांनंतर धर्मक्षेत्रावरील हे राजकीय नियंत्रण अधिक दृढ झाले.

मोरोक्कोच्या सहिष्णुतेचे उदाहरण म्हणून तेथील ज्यू समाजाचा उल्लेख नेहमी केला जातो, आणि तो निराधार नाही. संविधानाच्या प्रस्तावनेत राष्ट्रीय अस्मितेच्या घटकांमध्ये हिब्रू वारशाचा स्पष्ट निर्देश आहे. ज्यू नागरिकांच्या विवाह व वारसाविषयक बाबी त्यांच्याच धर्मविधीनुसार निकाली निघतात. दुसऱ्या महायुद्धकाळात सुलतान पाचवा मोहम्मद याने आपल्या ज्यू प्रजेची पाठराखण केली, ही स्मृती आजही जपली जाते. मात्र फ्रान्सच्या विशी राजवटीचे १९४० चे ज्यूविरोधी निर्बंध मोरोक्कोत त्याच्याच राजाज्ञेने लागू झाले होते, हे सहसा सांगितले जात नाही. १९४८ च्या सुमारास सुमारे अडीच लाख असलेला हा समाज स्थलांतरामुळे आता काही हजारांवर आला आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. राज्याने संरक्षण दिले आहे ते जन्मसिद्ध समुदायाला. व्यक्तीच्या विवेकस्वातंत्र्याला नव्हे. परदेशी ख्रिस्ती लोकांची चर्चे उघडपणे चालतात, परंतु धर्मांतरित मोरोक्कन ख्रिस्ती नागरिकांना कायदेशीर मान्यता नसल्याने ते बहुधा घरांतच प्रार्थना करतात. दंडसंहितेच्या कलम २२० नुसार मुस्लिमाची श्रद्धा डळमळीत करण्यासाठी प्रलोभन दाखविणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास होऊ शकतो. जानेवारी २०१६ च्या माराकेश जाहीरनाम्याने मुस्लिमबहुल देशांतील अल्पसंख्याकांच्या हक्कांचा पुरस्कार मदिनेच्या सनदेच्या आधारे केला. पण धर्म बदलणारी व्यक्ती ‘अल्पसंख्याक’ या संज्ञेत सहजी बसत नाही. उलेमा परिषदेचे धर्मत्यागास देहदंडाचे मत २०१३ मध्ये उजेडात आले आणि त्यावर मोठी टीका झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजात परिषदेने ही शिक्षा मूळ राजद्रोहाशी संबंधित होती, असा अर्थ लावला. दंडसंहितेतील तरतुदी मात्र तशाच राहिल्या.