वेस एकच, दरवाजे अनेक
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बँकेच्या खिडकीवरचा कारकून ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतो आणि रांगेतले आपण सुस्कारा सोडतो. पुष्कळदा सर्व्हर बिचारा ठणठणीत असतो. त्याच्यापर्यंत जाणारी वाट बंद पडलेली असते. या वाटेवरची मोक्याची जागा म्हणजे गेटवे. संगणकांची जाळी उभारणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : जुनं जाळं काढून नवं ‘फॅब्रिक’ पद्धतीचं जाळं घालायचं आहे, तर गेटवेची राखीव सोय कोणती निवडावी?

गेटवे म्हणजे गावाची वेस. एकाच विभागातले संगणक आपापसांत बोलतात तेव्हा तिची गरज नसते. पण दुसऱ्या विभागाशी किंवा बाहेरच्या जगाशी बोलायचं, तर प्रत्येक निरोप वेशीतूनच जातो. संगणकाला सहसा वेशीचा एकच पत्ता दिलेला असतो. वेस बंद, तर गाव कोंडलं.

म्हणून दोन राउटर ठेवून दोघांचा मिळून एक पत्ता जाहीर करण्याची युक्ती निघाली. सिस्को कंपनीची एचएसआरपी आणि सर्वांसाठी असलेली व्हीआरआरपी या तिच्या दोन रीती. दोन्हींचे तांत्रिक मसुदे १९९८ साली प्रसिद्ध झाले. एक राउटर काम करतो, दुसरा कान देऊन बसतो. एचएसआरपीच्या मूळ मांडणीत दर ३ सेकंदांनी ‘मी आहे’ असा निरोप येतो. १० सेकंद शांतता झाली, की दुसरा सूत्रं हाती घेतो. व्हीआरआरपीत निरोप दर सेकंदाला येतो आणि ३ सेकंदांहून थोड्या अधिक वेळात बदल होतो. उणीव अशी, की दुसरा राउटर एरवी त्या कामापुरता बसून असतो. शिवाय दोघांमधला संपर्कच तुटला, तर दोघंही स्वतःला मालक समजू लागतात.

जादा वाटांचा आणखी एक धोका असतो. त्या एकाच वेळी उघड्या राहिल्या, तर निरोप गोल गोल फिरत राहतात आणि जाळं गुदमरतं. त्यावर रॅडिया पर्लमन यांनी १९८५ साली ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधून काढली. जादा वाटा मुद्दाम बंद ठेवायच्या आणि गरज पडली, की उघडायच्या. पद्धत टिकली, पण जाळी तिच्या मर्यादेबाहेर फोफावली. नोव्हेंबर २००२मध्ये अमेरिकेत बोस्टनमधल्या बेथ इस्राएल डिकनेस या रुग्णालयाचं जाळं असंच कोलमडलं. सुमारे चार दिवस मोठमोठे डॉक्टर कागद-पेनावर आले आणि तपासण्यांचे अहवाल माणसांनी हातोहात पोचवले. सर्व्हर शाबूत होते, वाटा गोंधळल्या होत्या. रुग्णालयानं ही हकिगत लपवली नाही, म्हणून इतरांना त्यातून शिकता आलं.

आता फॅब्रिक म्हणजे काय? शब्दशः कापड. उभे-आडवे धागे जसे एकमेकांना भेटतात, तसा खालच्या ओळीतला प्रत्येक स्विच वरच्या ओळीतल्या प्रत्येक स्विचला जोडलेला असतो. या रचनेचं बीज बेल प्रयोगशाळेतल्या चार्ल्स क्लो यांनी १९५३ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलं होतं. इथे वाट बंद ठेवावी लागत नाही. साऱ्या एकाच वेळी वाहत्या असतात. एक धागा तुटला, तरी कापड शाबूत राहतं.

अशा जाळ्यात ‘एनीकास्ट गेटवे’ची सोय मिळते. खालच्या प्रत्येक स्विचवर तीच वेस, तोच पत्ता. कुणी झोपलेला नाही, कुणाला उठवायचं नाही. उलट, फॅब्रिक घालूनही गेटवे जुन्या दोन राउटरांवरच ठेवला, तर शेजारच्या यंत्राला द्यायचा निरोपही दूरच्या राउटरापर्यंत जाऊन परत येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मात्र नवं ते सगळीकडेच घ्यावं, असं नाही. एका मजल्यावरच्या छोट्या कचेरीला दोन राउटर आणि व्हीआरआरपी पुरेत. अनेक रॅकांचं डेटा सेंटर असेल, तर एनीकास्ट घ्यावं. पण महत्त्वाचा सर्व्हर दोन वेगळ्या स्विचना जोडावा. नाही तर त्याचा एकमेव स्विच गेला, की बाकीच्या वेशी त्याच्या काय कामाच्या? फॅब्रिकच्या कडेला फायरवॉलची जोडी असते. तिथे ‘एक काम करी, एक राखीव’ ही रीत आजही योग्य ठरते.

खरी परीक्षा बदलाच्या रात्री असते. वेशीला दोन ओळखी असतात : आयपी पत्ता आणि मॅक क्रमांक. संगणक पत्त्यावरून क्रमांक विचारून घेतो आणि काही काळ लक्षात ठेवतो. पत्ता तोच ठेवून क्रमांक बदलला, तर काही यंत्रं मिनिटभरात सावरतात, काही तासन्‌तास जुन्याच दारावर थापा मारत बसतात. सगळं सुरू दिसतं आणि नेमका एखादा जुना प्रिंटर किंवा अतिदक्षता विभागातला मॉनिटर गप्प होतो. म्हणून जुन्या आणि नव्या गेटवेचा मॅक क्रमांक आधीच, सवडीनं एक करून घ्यावा. एकेक विभाग हलवावा, सुरुवात कमी जोखमीच्या विभागानं करावी. खास व्यवस्था केलेली नसेल, तर एकाच विभागाची जुनी आणि नवी वेस एकाच वेळी उघडी ठेवू नये. आणि परतीचा मार्ग कागदावर लिहिलेला असावा.

राखीव सोय यंत्रांच्या संख्येवर मोजू नये. दोन्ही राउटर एकाच वीजजोडणीवर असतील, दोन्ही केबली एकाच चरातून गेल्या असतील, तर ती सोय एकच समजायची. तुम्ही रुग्णालय, पतपेढी किंवा शाळा चालवत असाल, तर आपल्या तंत्रज्ञाला एवढंच विचारा : ‘चालू केबल मुद्दाम काढून शेवटचं कधी पाहिलं होतं?’ त्यानं तारीख सांगितली, तर निश्चिंत व्हा. नुसतं ‘दोन दोन घेतलेत साहेब’ असं उत्तर आलं, तर सवडीचा एक रविवार ठरवा आणि तुमच्या समोर ती केबल काढायला लावा.