श्रम सुटले, व्यायामाचे काय?

आपल्या समाजातील बऱ्याच घरांत एक पिढी अशी होऊन गेली, की जिने आयुष्यात एक दिवसही 'व्यायाम' केला नाही आणि तिला त्याची गरजही भासली नाही. माझे वडील मारेगाव तालुक्यातील एका खेड्यात शेतमजूर होते. वखरणी, डवरणी, शेणखताच्या गाड्या भरणे, आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर ओझे घेऊन जाता-येता चार कोस पायी. त्यांना कोणी व्यायामाचे महत्त्व सांगितले असते तर ते हसले असते. त्यांनी आम्हा भावंडांना शिकविले ते एकाच इच्छेने, की पोरांच्या वाट्याला हे कष्ट येऊ नयेत. ती इच्छा पूर्ण झाली. मला कार्यालयात खुर्ची मिळाली, पुढे गाडी आली, आणि वयाच्या ४४ व्या वर्षी एका तपासणी शिबिरात सहज म्हणून रक्त दिले तर साखर वाढलेली निघाली. वडिलांची साखर सत्तरीत तपासली होती, ती व्यवस्थित होती.

हा अनुभव एकट्या माझ्या घरचा नाही. शिक्षक, तलाठी, लिपिक, बँक कर्मचारी, वेकोलिच्या कार्यालयात बसणारे अशी जी पहिली-दुसरी शिकलेली पिढी आपल्याकडे उभी राहिली, तिच्यात मधुमेह आणि रक्तदाब घरोघर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत देशातील मधुमेही रुग्णांचा अंदाज १० कोटी १० लाख इतका काढला आहे. उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख.

श्रम सुटले, पण श्रमाच्या जागी व्यायाम आला नाही. याचे एक कारण आपण मोकळेपणाने बोलत नाही. ज्यांच्या आईबापांनी पायी चालूनच आयुष्य काढले, त्यांच्या मनात पायी चालणे म्हणजे गरिबी अशी गाठ बसली आहे. चौकातल्या दुकानापर्यंत चालत गेले तर लोक विचारतात, "गाडी बिघडली का साहेब?" घाम येणे हे ज्या घरात लाचारीचे लक्षण होते, तिथे मुद्दाम घाम काढायचा हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला.

शरीराला मात्र प्रतिष्ठा कळत नाही, त्याला फक्त हालचाल कळते. आपण जेवतो त्या भाकरीची, भाताची शेवटी साखर होते व ती रक्तात येते. ती साखर साठवून ठेवण्याची आणि वापरण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे आपले स्नायू. एरवी स्नायूंत साखर शिरायला इन्सुलिनची किल्ली लागते. पण स्नायू काम करू लागला की त्याचे दार काही प्रमाणात इन्सुलिनवाचूनही उघडते, आणि व्यायाम थांबल्यावर पुढचे काही तास ते इन्सुलिनला अधिक दाद देते. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणाऱ्याची साखर कमी चढते ती यामुळेच. नियमित चालण्याने रक्तवाहिन्या लवचिक राहतात, रक्तदाब थोडा उतरतो, हृदयाला तेवढेच काम कमी ठोक्यांत करता येते. हाडांवर भार पडला तरच हाडे मजबूत राहतात. झोप सुधारते. मनाची उदासीही कमी होते, आणि आपल्या जिल्ह्याने ज्या प्रकारचे दुःख गेली अनेक वर्षे पाहिले आहे ते लक्षात घेता हा फायदा शेवटचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आता अनेक जण म्हणतील, "मी तर सडपातळ आहे, मला काय गरज?" इथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम समजून घेतले पाहिजे, कारण ते थेट आपल्या घरांविषयी आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. या शेतकरी-कष्टकरी मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते; इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हलकी खरी, पण मोजमाप केल्यावर असे दिसले की त्यांच्यात कमी होते ते स्नायू. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीदार. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी दोघांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण शरीरातील चरबी युडकिन यांची सुमारे ९ टक्के आणि याज्ञिक यांची २१ टक्के!

याचा अर्थ आपल्या आयांच्या भुकेची नोंद आपल्या शरीरात आहे. अर्धपोटी निंदणाला जाणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेले मूल पुढे नोकरीला लागते, वरण-भात, आलूबोंडा, दिवसाला पाच कप गोड चहा सुरू होतो, आणि हातपाय काडीसारखे राहून पोट तेवढे पुढे येते. अशा माणसाला वजनकाटा फसवतो. त्याने कमरेचा घेर पाहावा. पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर सावध व्हावे.

मग व्यायामाने हे खरोखर टळते काय? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ लोक घेऊन प्रयोग केला व २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाला नेहमीचा सल्ला दिला, तर दुसऱ्या गटाला रोज निदान अर्धा तास झपझप चालायला सांगून साखर-तेल कमी करायला लावले. तीन वर्षांत पहिल्या गटातील शंभरापैकी ५५ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटातील ३९ जणांना. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही साधारण इतकाच फायदा झाला. विशेष म्हणजे चालणाऱ्यांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरी लाभ झाला. वजन कमी होत नाही म्हणून महिन्याभरात फिरणे सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि सगळ्यांचाच मधुमेह टळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हृदयाबाबतचा पुरावा त्याहून जुना आहे. लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसच्या चालक आणि वाहकांची तुलना केली. दोघे एकाच बसवर, एकाच थरातले. चालक दिवसभर बसून. वाहक तिकिटे फाडत रोज शेकडो पायऱ्या चढणार-उतरणार. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत चालकांपेक्षा बरेच कमी निघाले. टपाल खात्यातही तेच, पत्रे वाटणारा पोस्टमन टेबलावरच्या कारकुनापेक्षा सुरक्षित. आमच्या कार्यालयात शिपायाला चौथ्यांदा चहाला पाठविणाऱ्या साहेबांना मी ही गोष्ट सांगितली होती. ते हसले, उठले मात्र नाहीत.

मात्र यावरून 'मजुराला व्यायामाची गरज नाही' असा सरळ निष्कर्ष निघत नाही. युरोपातील अलीकडच्या संशोधनात असे आढळले आहे की मोकळ्या वेळात स्वतःहून केलेल्या हालचालीचा जितका लाभ होतो, तितका पोटासाठी केलेल्या जड कामाचा होत नाही. पुरुषांत तर कधी अपायही दिसतो. कारण उघड आहे. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई आपल्या मर्जीने थांबू शकत नाही, तिला पुरेसे खायला नाही आणि विश्रांतीही नाही. तिला फिरायला जा म्हणून उपदेश करणे शहाणपणाचे नाही. तिला हवी आहे ती मधूनमधून पाठ सरळ करण्याची सवड, पाणी, सावली आणि पोटभर डाळ-भाकर.

शहरातील गृहिणीची गोष्ट वेगळी. "घरकाम हाच बायकांचा व्यायाम" हे वाक्य सोयीचे आहे, आणि बहुधा ते पुरुषच म्हणतात. मिक्सर आणि नळ आल्यावर घरकामात कंटाळा उरला, दम लागणे गेले. यवतमाळात समता मैदानावर किंवा आर्णी-दारव्हा मार्गांवर पहाटे पाहिले तर आता स्त्रियाही दिसतात, पण वस्त्यांतल्या आपल्या भगिनी त्यांत कमी. साडीवर बूट घालायला संकोच वाटतो, लोक काय म्हणतील ही भीती असते. चौघी-पाच जणी मिळून निघाल्या तर हा संकोच आठवड्याभरात जातो.

विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करीत हे आपण त्यांना सतत सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या असह्य वेदना सोसत काम केले, हे आपण सांगत नाही. अभ्यासिकेत सलग बसणाऱ्या मुलामुलींनी तासाला पाच मिनिटे उठून चालावे. चंक्रमण तर आपल्या परंपरेतच आहे. अंगुत्तर निकायात चालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत. आजार कमी होणे आणि अन्न पचणे हे त्यांतलेच, आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते हाही एक. परीक्षार्थीला आणखी काय हवे?

दुसरी गोष्ट पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते, म्हणून गावोगावी पहाटे रस्त्यावर पोरे धावताना दिसतात. हे पाहून आनंद होतो. परंतु विदर्भात आपल्या व आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. भरतीच्या तयारीपूर्वी ही तपासणी अवश्य करून घ्यावी; सरकारी दवाखान्यात ती होते. सिकलसेलचा आजार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दमछाक होईल असे धावू नये, कारण शरीरातील पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून वेदनांचा झटका येतो. केवळ वाहक असलेल्याने व्यायाम जरूर करावा, पण सराव हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावे आणि एप्रिल-मेच्या उन्हात जिद्दीने धावू नये. पारा ४५ च्या आसपास असताना हा सल्ला सर्वांनाच लागू आहे.

सामान्य माणसाला किती व्यायाम पुरे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेले प्रमाण असे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम गती कशी ओळखावी? चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण भीमगीत म्हणता येऊ नये. तोंडात खर्रा ठेवून चालणाऱ्याला अर्थात दोन्ही जमत नाही. खर्ऱ्याने केलेले नुकसान चालण्याने भरून निघत नाही. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखरेची पुडी ठेवावी, उपाशीपोटी लांब जाऊ नये, आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. चालताना छातीत दाबल्यासारखे झाले तर तिथेच थांबावे व डॉक्टर गाठावा.

मी सुरुवात दहा मिनिटांनी केली, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढविली, आणि दुसऱ्या महिन्यात अर्ध्या तासावर आलो. गोळी सुटली नाही, पण वाढलीही नाही. पावसाळ्यात रस्ते चिखलाचे होतात तेव्हा घरातच हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठबस करतो, भिंतीला हात लावून दहा वेळा दंडासारखे रेटे देतो, आणि हे तीन वेळा. पहिल्या दिवशी सातव्या उठबशीलाच मांड्या थरथरल्या होत्या.