मनमाडचा कॉम्प्युटर, नाशिकचा मामा

बारावीनंतर भाचीने कॉलेजात प्रवेश घेतला आणि शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरण्याची वेळ आली. ती मनमाडला, मी नाशिकरोडला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका सगळे स्कॅन करून घरातल्या सेकंडहँड कॉम्प्युटरमध्ये ठेवलेले. पण फाइल मोठी आहे म्हणून अर्ज पुढे सरकेना. मी फोनवर विचारी, "डाव्या बाजूला काय दिसते?" ती म्हणे, "मामा, इथे तसे काहीच नाही." असा तास गेला. मुदतीला दोन दिवस उरलेले. जाऊन यायचे तर एक रजा खर्ची पडणार. शेवटी ठरवले, इथूनच तिचा कॉम्प्युटर उघडून बघावा.

ते वाटले तितके सरळ निघाले नाही. का, ते समजून घेण्यासारखे आहे. कार्यालयात काम केलेल्यांना टेलिफोन बोर्ड आठवत असेल. बाहेरच्या जगाला नंबर एकच, आत प्रत्येक टेबलाला एक्स्टेन्शन. आतला माणूस शून्य फिरवून बाहेर बोलू शकतो. बाहेरच्याने मात्र नुसते "एक्स्टेन्शन २३" म्हणून भागत नाही, आधी ऑपरेटरने जोडून द्यावे लागते. घरातला वायफायचा राऊटर म्हणजे हाच बोर्ड. आतल्या कॉम्प्युटरचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तसलाच पत्ता लाखो घरांत असतो, म्हणून बाहेर त्याला किंमत नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्तेच मुळी सुमारे ४२९ कोटी. ते पुरेनात, म्हणून ही वाटून घेण्याची युक्ती निघाली. शिवाय ऑपरेटर कोणाला आपणहून आत सोडत नाही, हा संरक्षणाचा फायदा वेगळाच.

मी आधी उलटा मार्ग धरला. भाचीला सांगून राऊटरमध्ये बाहेरच्यासाठी वाट मोकळी करायला लावली. काही उपयोग झाला नाही. अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. म्हणजे आपल्या बोर्डावर आणखी एक बोर्ड, आणि त्यावर आपला हात नाही. वाट उघडली नाही हे बरेच झाले म्हणा. अशी उघडी वाट शोधत पासवर्ड ठोकून बघणारी यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात. ती वाट लगेच बंद करायला लावली.

चालला तो उपाय साधा. दोघांनीही आतून बाहेर फोन लावायचा आणि मधल्या तिसऱ्या ठिकाणी भेटायचे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'क्विक असिस्ट' असते, ते असेच चालते. मदत करणारा आपल्या खात्याने आत जाऊन छोटा कोड घेतो, समोरच्याला सांगतो. समोरच्याने तो टाकून परवानगी दिली की पडदा दिसतो. माउस हाती घ्यायला पुन्हा वेगळी परवानगी लागते. पाच मिनिटांत भाचीचा पडदा माझ्यासमोर होता. मी सवयीने भराभर फाइल लहान करू लागलो, तर ती म्हणाली, "मामा, माउस मला द्या. पुढच्या वर्षी पण भरायचाय ना?" मी हात काढला. उरलेले दाखले तिनेच चढवले. वेळ लागला, पण अर्ज मुदतीत गेला.

खरी धास्ती पुढेच. पंधरा दिवसांनी बहिणीला फोन आला. "बँकेतून बोलतोय, केवायसी राहिली, मोबाइलवर हे ॲप घ्या, आकडा सांगा." बहिणीला वाटले, दादाने केले तसलेच हे. ॲप उतरूनही झाले होते. आकडा सांगणार तोच भाचीने फोन काढून घेतला. आकडा सांगून पुढे परवानगी दिली असती, तर मोबाइलच्या पडद्यावर येणारा ओटीपीसुद्धा त्या माणसाला दिसला असता. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच 'एनीडेस्क'चे नाव घेऊन बँकांना या प्रकाराबद्दल सावध केले होते. ॲप लबाड नव्हे. फोन करणारा लबाड. मला मात्र चुटपुट लागली. पडदा कसा दाखवायचा ते मी शिकवले, कोणाला दाखवायचा नाही हे सांगायचे राहून गेले.

आता घरात ठरले आहे. मदत आपण मागायची; समोरून चालून आलेली घ्यायची नाही. नात्यातला आवाज ओळखीचा वाटला तरी फोन ठेवून आपण त्याच्या नेहमीच्या नंबरवर उलट लावायचा. पडदा उघडा असताना बँकेचे काही उघडायचे नाही, आणि काम झाले की जोडणी बंद. मामानेही विचारल्याशिवाय भाचीच्या दुसऱ्या फाइलीत डोकावायचे नाही. हा नियम तिने घातला, आणि मला तो पटला.

फसवणूक झालीच तर तासही न दवडता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे. लवकर कळवले तर पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता असते. नंबर लक्षात राहत नाही, अशी बहिणीची तक्रार होती. मी म्हटले, "अगं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह कधी सुरू झाला?" ती लगेच म्हणाली, "दोन मार्च एकोणीसशे तीस."