गोडीचा जमाखर्च

आमच्या इंदूरच्या शाखेत कोणाची बढती झाली, कोणाच्या मुलाला चांगले गुण मिळाले, की पेढ्यांचा डबा टेबलाटेबलावरून फिरतो. पूर्वी तो रिकामा होऊनच परत येई. अलीकडे मात्र निम्मे हात नम्रपणे मागे घेतले जातात. कोणी 'लो-कार्ब' आहार स्वीकारलेला असतो, तर कोणाला मधुमेहाची चाहूल लागलेली असते. चहाच्या ट्रेमध्येही साखरेच्या जागी इवल्या पांढऱ्या गोळ्यांची डबी आली आहे. 'गोडाचे गोड आणि हिशेबात काही नाही' असा या गोळ्यांविषयी सार्वत्रिक समज आहे. जमाखर्चाशी रोजचा संबंध असलेल्या आपण सर्वांनी हा हिशेब एकदा तपासून पाहावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम जमेची बाजू पाहू. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला सामान्यतः 'लो-कार्ब' म्हटले जाते. प्रत्येकी दोन चमचे साखर घातलेला चहा दिवसातून चार वेळा घेतला, तर सुमारे ४० ग्रॅम साखर, म्हणजेच १६० कॅलरी पोटात जातात. दिवसभराच्या मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा केवळ चहातच संपतो! येथे साखरेचा पर्याय वापरल्यास होणारी बचत खरीखुरी आहे, यात शंका नाही.

या पर्यायांचा इतिहासही मनोरंजक आहे. सॅकरिनचा शोध १८७९ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत योगायोगानेच लागला. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असलेल्या सुक्रालोजच्या शोधाशी तर आपल्याला जवळचे वाटावे असे एक नाव निगडित आहे. १९७६ साली लंडनमध्ये संशोधन करणाऱ्या शशिकांत फडणीस यांना एक रसायन 'तपासून पाहा' असे सांगण्यात आले. त्यांनी ते 'चाखून पाहा' असे ऐकले, असे सांगितले जाते. इंग्रजीतील त्या दोन शब्दांच्या उच्चारसाम्याने जगाला एक नवी गोडी दिली.

आता खर्चाची बाजू. 'साखरविरहित' याचा अर्थ 'कर्बोदकविरहित' असा नव्हे. अशी बिस्किटे मैद्याचीच असतात, आणि मैद्याच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कर्बोदकांचाच असतो. पुडीतील गोड भुकटीत वजन भरण्यासाठी बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज मिसळतात, तीही कर्बोदकेच. चॉकलेटांतील माल्टिटॉलमध्ये ग्रॅममागे दोनहून अधिक कॅलरी असतात आणि ते अधिक खाल्ल्यास पोट बिघडते. गूळ आणि मध यांना तर पर्याय म्हणणेच चुकीचे, कारण त्यांचा मुख्य घटक शर्कराच होय. म्हणून वेष्टनाच्या दर्शनी भागावरील मोठी अक्षरे वाचून न थांबता मागील तक्त्यातील 'एकूण कर्बोदके' ही नोंद अवश्य पाहावी.

ॲस्पार्टेमची गोडी उष्णतेने कमी होते. त्यामुळे खीर उकळताना ते घालून उपयोग होत नाही. फेनिलकिटोन्यूरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी ते टाळलेच पाहिजे. केवळ वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली; मात्र ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांना ती लागू नाही.

सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र मी स्वतःच्या घरी शिकले. माझे वडील अनेक वर्षे मधुमेहाचे औषध घेतात. मध्यंतरी त्यांनी कोणालाही न विचारता पोळी-भात जवळजवळ बंद केला. औषधाची मात्रा मात्र तीच राहिली. एके दिवशी त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे अडखळू लागले. साखर उतरली, हे आईने ओळखले आणि लगबगीने 'गोड' चहा करून दिला; पण सवयीने तिचा हात गेला तो गोळ्यांच्या डबीकडे! चहा गोड लागला, परंतु उतार पडेना. शेजारच्या परिचारिका धावत आल्या. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली आणि पाव तासात वडील सावध झाले. "अहो काकू, या गोळीत साखर नसतेच, मग रक्तात चढणार काय?" असे त्या म्हणाल्या, तेव्हा आईचे डोळे भरून आले. पुढे डॉक्टरांनी नव्या आहारानुसार औषधाची मात्रा कमी केली.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात गोळ्यांच्या डबीशेजारी साखरेचीही एक लहान डबी असते, आणि तिच्यावर आईने ठळक अक्षरांत 'तातडीसाठी' असे लिहिले आहे. मधुमेहाचे औषध, विशेषतः इन्सुलिन, घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आहारातील कर्बोदके एकदम कमी करू नयेत. अशा व्यक्तीला घाम व कंप सुटल्यास, ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर, खरी साखरच द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी.

साखरेचा पर्याय हा उपयोगी सेवक आहे. पण खातेवहीची पाने त्याच्या भरवशावर न तपासता उलटू नयेत. वाचकहो, पुढचा पेढा नाकारताना अथवा स्वीकारताना एवढे जरूर लक्षात असू द्या.