घाव किती, विसावा किती

मिरजगावच्या आमच्या घरात अम्माचा तांब्याचा हंडा होता, तिच्या लग्नातला. एकदा तो आडावर आपटला आणि त्याच्या पोटाला मोठा पोचा आला. मी तेव्हा बी.ए.ला होतो. शिकल्याचा ताठा असा, की म्हटले, यात काय मोठे? हातोडी घेतली आणि आतून-बाहेरून ठोकत बसलो. पोचा निघाला, पण त्याच जागी केसाएवढी चीर पडली. अम्मा काही बोलली नाही. ठिबकणाऱ्या पाण्याकडे नुसती पाहत राहिली. भांडी दुरुस्त करणारे तांबटकाका तेवढे म्हणाले, "पोरा, तांबं थकलं होतं. ठोकायच्या आधी त्याला भट्टी दाखवायची असते."

मित्रहो, तांबे थकते म्हणजे काय, हे मला पुढे वाचून कळले.

धातूत अणू ओळीने, थरावर थर रचलेले असतात. धातू वाकतो तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. पण अख्खा थर एकदम सरकत नाही. मोठी सतरंजी सरकवायची तर आपण तिला एक सुरकुती पाडतो आणि ती पुढे ढकलत नेतो. थोड्या जोरात काम होते. धातूच्या रचनेतही अशा सुरकुत्या असतात. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हे मांडले.

थंड धातूवर घाव पडला की या सुरकुत्या सरकतात आणि वाढतातही. मऊ धातूत चौरस सेंटिमीटरमागे त्या साधारण दहा लाख ते दहा कोटी असतात; खूप ठोकल्यावर दहा हजार कोटींवर जातात. मग आठवडे बाजारातल्या गर्दीसारखे होते, कोणालाच पुढे सरकता येत नाही. सुरकुती अडली की थर अडतो आणि धातू वाकेनासा होतो. यालाच आपण कडक झाला म्हणतो. मऊ तांबे कायमचे वाकवायला जितका जोर लागतो, त्याच्या तिप्पट-चौपट जोर ठोकलेल्या तांब्याला लागू शकतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यावर शेवटी मठारकाम करतात. ते शेकडो गोल ठसे नुसते शोभेचे नसतात. त्यांनीच पत्रा ताठ होतो.

पण या ताकदीला किंमत पडते. वाकण्याची शक्ती संपली, की पुढचा घाव चीर पाडतो. तार चार वेळा उलटसुलट वाकवली की तुटते, ती यामुळेच. म्हणून तांबट मध्येच भांडे लाल होईतो तापवतो. त्या उष्णतेने गुंता सुटतो, अणूंची नवी, सरळ रचना तयार होते आणि तांबे पुन्हा मऊ होते. लोहार तापलेला विळा पाण्यात बुडवतो तो धार कडक व्हावी म्हणून. तांबे मात्र पाण्यात बुडवले तरी मऊच राहते.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. पूर्वी स्लॅबला पीळ दिलेली टॉर सळई वापरत. ती थंडच पिळून मजबूत केलेली असे. जुन्या घरावर मजला चढवताना अशी सळई वाकवण्यासाठी कोणी लाल तापवली, तर पिळाने कमावलेली ताकद निघून जाते.

काकांनी त्या चिरेवर डाग दिला. अम्मा आता नाही, हंडा माझ्या घरी आहे. मुले विचारतात, हा डाग कसला? मी सांगतो, माझ्या घाईचा.