गच्चीवरची जाळीची छत्री

फेब्रुवारी १९८४मध्ये ‘चॅलेंजर’ यानातून ‘वेस्टार ६’ नावाचा उपग्रह सोडला गेला. इंजिनाने दगा दिला आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी’च्या अंतराळवीरांनी त्याला पकडून परत आणलं. डागडुजी झाली, मालक बदलला, नाव बदललं, आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या शिचांग तळावरून तो ‘एशियासॅट १’ म्हणून पुन्हा वर गेला. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या गावातल्या गच्च्यांवर उगवलेल्या मोठाल्या छत्र्या या दुरुस्त केलेल्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेल्या होत्या.

१९९१मध्ये त्यावरून हाँगकाँगचा स्टार टीव्ही सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९९२ला झी टीव्ही आला. संकेताला कुलूप नव्हतं. ज्याच्याकडे डिश आणि रिसीव्हर, त्याला चित्र. तोवर व्हीसीआरवर सिनेमे लावून गल्लीत वायरी फिरवणाऱ्या केबलवाल्यांची चांदी झाली. वायरी विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, कुणाच्या तरी कपड्यांच्या दोरीला खेटून जायच्या. केबलवर कायदा आला तो १९९५मध्ये. तोवर गावोगाव जाळं विणून झालं होतं.

डिश चांगली दहा-बारा फुटांची. लोखंडी फासळ्यांवर ताणलेली जाळी बघून आम्हा पोरांना प्रश्न पडायचा, की एवढ्या भोकांतून चित्र खाली सांडत कसं नाही? त्या लहरींची लांबी साधारण साडेसात सेंटीमीटर. काही मिलिमीटरची भोकं तिच्या लेखी नसल्यातच जमा. तिला जाळी म्हणजे अखंड आरसा. वाऱ्याला मात्र ती भोकं दिसतात, म्हणून अशी डिश पत्र्याच्या डिशपेक्षा वादळात कमी हलते. जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवरून आलेला क्षीण संकेत त्या खोलगट आकारामुळे एका बिंदूवर गोळा होतो. तिथे तीन-चार दांड्यांवर एलएनबी बसवलेला. तो संकेत वाढवतो आणि वायरीतून नेता येईल इतकी त्याची कंपनसंख्या खाली आणतो.

अशा डिशची नजर जेमतेम दीड-दोन अंशांची. मुंबईच्या बाजूने हा उपग्रह पूर्व-आग्नेयेला, क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांहून थोडा वर. पाना घेतलेला फिटर गच्चीवर, त्याचा पोऱ्या खाली टीव्हीसमोर आणि मधल्या जिन्यात आम्ही, निरोप पोचवायला.

“आलं का?”

“मुंग्याच आहेत!”

“आता?”

“आलं, आलं... गेलं! मागे घे!”

बोल्ट पाव फेरा फिरला की पडद्यावरच्या मुंग्यांतून माणसाचा चेहरा वर यायचा. मग नट आवळताना डिश केसभर सरकायची आणि सगळं पहिल्यापासून.

मार्चच्या मध्यावर आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सकाळी दहाच्या सुमारास चित्र थोडा वेळ जायचं. गल्ली केबलवाल्याच्या नावाने बोटं मोडायची. तो बिचारा निर्दोष असायचा. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि डिशमध्ये सूर्याचाच गोंगाट भरतो. एलएनबीची सावली डिशच्या मधोमध पडली की हे घडतंय, असं फिटरने आम्हाला दाखवलं होतं. भूगोलाच्या पुस्तकातलं विषुवदिन प्रकरण आम्हाला गच्चीवरच कळलं.

या यंत्राची खरी गंमत हीच. त्याचं सगळं शास्त्र उघड्यावर मांडलेलं होतं. सातवी शिकलेला फिटर ते डोळ्यांनी तपासायचा आणि पान्याने दुरुस्त करायचा. पुढे वाहिन्यांना कुलपं लागली, सेट-टॉप बॉक्स आले, घरोघरी दोन फुटी डीटीएच डिश आल्या. त्यांच्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या, उपग्रहही जास्त ताकदीचे, म्हणून डिश लहान पुरते. पण आखूड लहरींना पावसाचं वावडं. कोकणात आषाढसरी कोसळू लागल्या की पडद्यावर ‘सिग्नल नाही’ची पाटी येते आणि आपण हात बांधून बसतो. जुन्या लांब लहरींना पाऊस फारसा बाधत नाही. म्हणूनच केबलवाल्यांच्या कंट्रोल रूमवर मोठ्या डिश अजूनही उभ्या आहेत. घरातून गेलेलं हे यंत्र धंद्यातून मात्र अजून गेलेलं नाही.